नोकरी बदलण्याचा हक्क आणि परदेशातील व्हिसा



गुढीपाडवा आला की मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत सालगड्यांचे जुने साल संपते व नवे ठरते. जुन्याच मालकाकडे राहावे की दुसऱ्याचे साल धरावे, याचा विचार गडी त्या वेळी करतो. मात्र अंगावरची उचल फिटलेली नसेल, तर त्याच्या विचाराला किंमत उरत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचीही तीच अवस्था असते. ज्या मुकादमाची उचल घेतली, त्याच्याच टोळीत जावे लागते. दुसऱ्याने अधिक दर देऊ केला तरी जुना हिशेब फिटल्यावाचून पाऊल उचलता येत नाही. कर्जाच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवण्याची ही रीत वेठबिगारी रद्द करणाऱ्या १९७६च्या कायद्याने गुन्हा ठरवली आहे. कायदा झाला, तरी रीत पुरती गेलेली नाही, हे आपण जाणतो.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. परदेशात कामाला गेलेल्या माणसाने नोकरी बदलली तर त्याच्या व्हिसाचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता कागदपत्रांचा वाटतो. प्रत्यक्षात तो सालगड्याच्या आणि कोयत्याच्याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. फरक एवढाच की येथे माणसाला उचल अडकवते आणि तेथे परवाना.

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील गाव. पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा येथून जवळ. नदी ओलांडली की विदर्भ लागतो आणि तेलंगणाची सीमाही फार दूर नाही. सीमेपलीकडील निर्मल, निजामाबाद व जगतियाल या जिल्ह्यांतून आखाती देशांकडे जाण्याची वाट अनेक वर्षांपासून रुळलेली आहे. सोयरिकी, बाजारहाट आणि मजुरी यांच्या निमित्ताने दोन्हीकडच्या माणसांचे येणे-जाणे चालू असते. त्यामुळे दुबई, कुवेत, दमाम ही नावे या भागाला नवी नाहीत. कापूस आणि सोयाबीन यांनी दगा दिला की घरातील एखादा तरुण पासपोर्ट काढण्याच्या गोष्टी बोलू लागतो. अशा तरुणाला व त्याच्या आईवडिलांना काही गोष्टी निघण्यापूर्वी ठाऊक असाव्यात, या हेतूने हा लेखनप्रपंच.

व्हिसा कोणाच्या भरवशावर?

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत, ओमान व बहारीन या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. तेथील कामगार-व्यवस्थेला ‘कफाला’ म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. परदेशी माणूस देशात येतो तो कफीलाच्या जामिनावर, आणि बहुतेक वेळा त्याचा मालक हाच त्याचा कफील असतो. व्हिसा मालकाच्या अर्जावरून निघतो. तेथे पोहोचल्यावर मिळणारा वास्तव्याचा परवाना (सौदीत त्याला इकामा म्हणतात) मालकच काढतो आणि त्याचे नूतनीकरणही मालकच करतो.

यातून जे निष्पन्न होते ते नीट लक्षात घ्यावयास हवे. हा व्हिसा ‘सौदीत काम करण्याची परवानगी’ नसून ‘सौदीत अमुक मालकाकडे अमुक काम करण्याची परवानगी’ आहे. कामगाराने अधिकृत बदली न करता दुसरीकडे काम धरले, तर त्याच्याजवळचा परवाना त्या कामापुरता निरुपयोगी ठरतो. त्यातच पहिल्या मालकाने तो पळून गेल्याची नोंद केली (सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात), तर काल परवाना बाळगणारा कामगार आज बेकायदा रहिवासी होतो. त्याला अटक होऊ शकते. त्याला दंड होऊ शकतो, मायदेशी पाठवले जाऊ शकते आणि पुन्हा येण्यास बंदीही घातली जाऊ शकते. त्याची मजुरी थकली असेल तर ती मागण्यासाठी कार्यालयाच्या दारात जाण्याचेही त्याला भय वाटू लागते.

याचा अर्थ असा की मालकाशी वाद झाल्यास एका बाजूला केवळ नोकरी पणाला लागते, तर दुसऱ्या बाजूला देशात राहण्याचा हक्कच पणाला लागतो. अशा वादात कामगार बहुधा गप्प बसतो. घरी कर्जाचे व्याज चढत असते. मग कमी पगार, जादा तास, बदललेले काम, सारे तो सोसतो.

‘आझाद व्हिसा’चे मृगजळ

या बंधनातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणून दलाल एक वस्तू विकतात. तिचे नाव ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’. ‘कफील केवळ नावापुरता, काम वाटेल तेथे करा’ असे त्याचे वर्णन केले जाते आणि त्यासाठी साध्या व्हिसापेक्षा अधिक पैसे घेतले जातात. असा व्हिसा कोणत्याही देशाच्या कायद्यात अस्तित्वात नाही. तेथील कोणीतरी आपल्या नावावर परवाना काढतो, कामगाराकडून वर्षाला ठरावीक रक्कम घेतो आणि त्याला मोकळे सोडतो. कामगार दुसऱ्याकडे राबतो. कागदोपत्री तो पहिल्या दिवसापासून नियम मोडत असतो, मात्र त्याला ते समजते संकट आल्यावर.

२०१३ साली हे संकट मोठ्या प्रमाणावर आले. सौदी शासनाने आपल्या नागरिकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून २०११मध्ये ‘निताकत’ नावाची योजना आणली होती. तिच्या पाठोपाठ, स्वतःच्या कफीलाखेरीज अन्य ठिकाणी काम करणाऱ्यांवर कारवाईची घोषणा झाली. कागदपत्रे सुरळीत करून घेण्यास किंवा दंडाविना देश सोडण्यास ३ नोव्हेंबर २०१३पर्यंत मुदत देण्यात आली. त्या काळात एक लाखाहून अधिक भारतीय परतले. अनेक वर्षे कष्ट करूनही आपण कायद्याच्या बाहेर होतो, हे त्यांतील कित्येकांना तेव्हाच उमगले असेल.

याहून घातक प्रकार म्हणजे पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर माणूस पाठवणे. दलाल सांगतो, ‘आधी जा, मग तेथे कामाचा व्हिसा करून देऊ’. भेटीच्या व्हिसावर काम करण्याची परवानगीच नसते. नोकरी बदलण्याचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याला नोकरीच नसते.

नोकरी न बदलताही परवाना जातो

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की एकाच मालकाकडे इमानाने राहिले म्हणजे झाले. दुर्दैवाने तेवढ्याने भागत नाही. परवान्याचे नूतनीकरण मालकाच्या हाती असल्याने, मालक बुडाला की कामगारही कायद्याच्या बाहेर फेकला जातो.

२०१६च्या उन्हाळ्यात सौदी अरेबियात हेच घडले. तेलाचे भाव कोसळले, शासनाकडून ठेकेदारांची देणी थकली आणि सौदी ओजेर या मोठ्या बांधकाम कंपनीने कित्येक महिने पगार दिले नाहीत. जेद्दा परिसरातील छावण्यांत हजारो भारतीय कामगार अडकून पडले. अन्न पुरवणेही बंद झाल्यावर भारतीय वकिलातीने व तेथील भारतीय समाजाने अन्नवाटप केले. अनेकांचे इकामे मालकाने नूतनीकरण न केल्यामुळे संपले होते. त्यांना ना घरी परतता येत होते, ना दुसरी नोकरी धरता येत होती. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तेथे गेले. त्यानंतर सौदी शासनाने देश सोडण्याचे परवाने देण्याची आणि इच्छुकांना दुसऱ्या कंपनीत बदली करून घेण्याची मुभा दिली. थकलेल्या पगाराचे दावे नोंदवून ठेवण्याचीही व्यवस्था झाली. पुढे २०१७मध्ये ती कंपनीच बंद पडली.

या प्रसंगावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बदलीची मुभा त्या कामगारांना राजाच्या विशेष आज्ञेने मिळाली. हीच मुभा नियमाने मिळत असती, तर छावणीत उपाशी राहण्याची वेळ येण्यापूर्वीच त्यांतील पुष्कळांनी दुसरे काम धरले असते.

कायदे किती बदलले?

गेल्या काही वर्षांत आखाती देशांनी कायद्यांत बदल केले आहेत, ही समाधानाची बाब होय. बहारीनने २००९मध्ये मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची वाट उघडली आणि २०११मध्ये त्यास एक वर्षाच्या नोकरीची अट घातली. ओमानने १ जानेवारी २०२१पासून मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राची सक्ती उठवली. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१पासून, एका मालकाकडे एक वर्ष पूर्ण झाल्यावर आणि ठरलेली पूर्वसूचना देऊन, मालकाच्या संमतीविना बदली मिळू शकते. तीन महिने सलग पगार मिळाला नाही किंवा परवान्याची मुदत मालकाने संपू दिली, अशा प्रसंगी तर वर्षाचीही अट नाही. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२पासून लागू झाला. त्यात पूर्वसूचनेचा काळ ३० ते ९० दिवसांचा आहे आणि कामगाराची कागदपत्रे ताब्यात ठेवण्यास मालकाला मनाई आहे.

सर्वांत व्यापक बदल कतारने केला. ऑगस्ट २०२०मध्ये काढलेल्या कायद्यांनी तेथे नोकरी बदलण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्राची गरज राहिली नाही. दोन वर्षांपर्यंतच्या नोकरीस एक महिना व त्याहून अधिक काळाच्या नोकरीस दोन महिने, एवढी पूर्वसूचना पुरते. मार्च २०२१पासून तेथे सर्व कामगारांसाठी १,००० रियाल किमान वेतनही लागू झाले. विशेष म्हणजे घरकामगारांनाही या दोन्ही गोष्टी लागू आहेत.

तथापि सर्वत्र वारे एकाच दिशेने वाहत आहे, असे समजू नये. कुवेतने १ जुलै २०२५पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना देश सोडण्यापूर्वी मालकाच्या मंजुरीचा परवाना आवश्यक केला. म्हणजे शेजारच्या देशांनी जे दार उघडले, तेच येथे लोटले गेले. शिवाय ज्या देशांत नियम बदलले, तेथेही कफीलाची मूळ कल्पना बहुतांशी कायम आहे. परवाना आजही मालकाच्या नावाशी जोडलेला असतो आणि पळून गेल्याची खोटी तक्रार करून कामगाराला अडवण्याचे प्रकार थांबलेले नाहीत.

घरकाम करणाऱ्या भगिनी आणि चालक

सौदी अरेबियाच्या २०२१च्या सुधारणेतून कोण वगळले गेले, ते पाहणे उद्बोधक ठरेल. घरकामगार, घरगुती वाहनचालक, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ हे सारे त्या नियमाच्या बाहेर ठेवण्यात आले. त्यांना कामगार कायदाच लागू नाही. त्यांच्यासाठीचे नियम निराळे आहेत आणि त्यांत बदलीची वाट अधिक अरुंद आहे.

आपल्या खेड्यांतून जाणाऱ्यांना मिळणारी कामे पाहिली तर हीच यादी डोळ्यांपुढे येते. शिक्षण कमी, इंग्रजी वा अरबी येत नाही, हाती कसब नाही, अशा माणसाला घरचे, शेतातले किंवा मेंढरांमागचे काम मिळते. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. घरात एकटी राबणारी बाई दुसऱ्या कामगाराशी बोलूही शकत नाही. तिला मारहाण झाली आणि ती घराबाहेर पडली, तर कायद्याच्या भाषेत तिने काम सोडून पलायन केले असे होते.

भारत शासनाने या भगिनींसाठी काही निर्बंध घातले आहेत. उत्प्रवास मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर ३० वर्षांखालील स्त्रीला घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास मंजुरी मिळत नाही. हेतू संरक्षणाचा असला तरी दलाल त्यातून भेटीच्या व्हिसाची पळवाट काढतात, आणि मग त्या स्त्रीची कोणत्याच दप्तरी नोंद राहत नाही.

अमेरिकेतही बंधन आहेच

हा प्रश्न केवळ गवंडी आणि घरकामगारांचा आहे, असे कोणास वाटेल. आपल्या मराठी कुटुंबांतील मुले संगणक अभियंता म्हणून अमेरिकेत जातात. त्यांचा एच-१बी हा व्हिसाही मालकाच्या अर्जावरूनच मिळतो. ऑक्टोबर २०००मध्ये तेथील कायद्यात एक महत्त्वाची सुधारणा झाली. नव्या मालकाने रीतसर अर्ज दाखल करताच, निकालाची वाट न पाहता कामगाराला नव्या ठिकाणी रुजू होता येऊ लागले. नोकरी गेली तर दुसरी शोधण्यासाठी साठ दिवसांपर्यंतची सवलत जानेवारी २०१७पासून नियमात आली. २०२२-२३मध्ये संगणक कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली, तेव्हा कित्येक भारतीय घरांत हे साठ दिवस बोटांवर मोजले गेले. मुलांची शाळा, घराचे हप्ते, पत्नीचे वास्तव्य, सारे त्या एका परवान्यावर टेकलेले होते.

कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी भारतीयांची रांग फार लांब आहे, कारण कोणत्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या कोट्यातील साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. अर्जाची प्रक्रिया मालकाने सुरू केलेली असते. मालक बदलला की रांगेतील तारीख मंजूर अर्जामुळे सहसा टिकते, परंतु नव्या मालकाला प्रक्रिया बहुधा पुन्हा करावी लागते. त्यामुळे नकोशी झालेली नोकरीही माणसे वर्षानुवर्षे धरून ठेवतात. अमेरिकेत सेवेसाठी जाणाऱ्या आपल्या धर्मगुरूंना व धर्मभगिनींना जो व्हिसा मिळतो, तोही ज्या धर्मप्रांताने किंवा संस्थेने अर्ज केला, तिच्याच सेवेपुरता असतो.

म्हणजे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. तरी अभियंत्याला साठ दिवस मिळतात, त्याला नियम वाचता येतात आणि वकील गाठता येतो. मेंढपाळाला वाळवंटात यांपैकी काहीच मिळत नाही.

मालकाची बाजू

न्यायाने बोलावयाचे तर मालकाचेही एक म्हणणे आहे. त्याने व्हिसाचे शुल्क भरले, विमानाचे तिकीट काढले, माणूस आणला, आणि दोन महिन्यांत तो शेजारच्या कंपनीत निघून गेला, तर त्याचे नुकसान होते. आपला मुकादमही असेच म्हणतो, की उचल दिली आणि कोयता पळाला.

हे म्हणणे निराधार नाही. करार पाळणे हे कामगाराचेही कर्तव्य आहे, आणि ख्रिस्तसभेने त्याला त्यातून कधी मोकळे केलेले नाही. परंतु नुकसान भरून घेण्याचे उपाय आहेत. पूर्वसूचनेचा काळ ठरवता येतो. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे परीक्षाधीन काळात नोकरी सोडल्यास आणण्याचा खर्च नव्या मालकाने द्यावा, अशी तरतूदही करता येते. पैशाचे नुकसान पैशाने भरून निघते. त्यासाठी माणसाचा पासपोर्ट कपाटात ठेवण्याचे कारण नाही. किंबहुना मालकाची खरी सोय खर्च वसूल होण्यात नसते. ज्याला जाता येत नाही त्याला कमी मजुरी देता येते, आणि या व्यवस्थेचा टिकाव त्यावर आहे.

प्रभू येशूच्या जन्मभूमीत हाच प्रश्न न्यायालयापुढे आला होता. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६मध्ये परदेशी कामगाराला एकाच मालकाशी बांधून टाकणारी पद्धत मानवी प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांच्या विरुद्ध असल्याचा निर्णय दिला.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप लिओ तेरावे यांनी १८९१मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे कामगारांच्या प्रश्नाला प्रथमच सविस्तर वाचा फोडली. विद्यमान पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५मध्ये पद स्वीकारताना तेच नाव घेतले, आणि त्यामागे त्या परिपत्रकाचे स्मरण असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात परदेशी कामगारांचा स्वतंत्र विचार केला आहे. देश सोडून कामाला आलेल्या माणसाला हक्कांच्या बाबतीत स्थानिक कामगारापेक्षा खाली लेखू नये आणि त्याच्या अडचणीचा लाभ उठवू नये, असा त्यांचा आशय आहे. कष्टाचे मोल राष्ट्रीयत्व, धर्म किंवा वंश पाहून ठरत नाही.

याची मुळे पवित्र शास्त्रात आहेत. अनुवादाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुरावर, मग तो आपल्यातला असो वा परका, जुलूम करू नये आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशी आज्ञा आहे. संत याकोब आपल्या पत्रात सांगतात की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ती आरोळी देवाच्या कानी पोहोचते. पवित्र कुटुंबही काही काळ मिसर देशात परके होते. तेथून परतण्यासाठी संत योसेफांना कोणा कफीलाच्या सहीची वाट पाहावी लागली नाही.

नोकरी सोडता येणे ही चैन नसून ती मजुराची ढाल आहे. ज्या मजुराला ‘मी उद्यापासून येणार नाही’ असे म्हणता येते, त्याच्याशी मालक नीट बोलतो. जेथे ते म्हणता येत नाही, तेथे किमान वेतनाचा कायदाही कागदावरच राहतो.

आपण काय करू शकतो?

आखाताचे कायदे आपल्या धर्मग्रामात बदलता येणार नाहीत, परंतु माणूस घरून कोणत्या कागदावर निघतो हे पाहणे आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट पासपोर्टची. ज्याचे शिक्षण दहावीपर्यंत झालेले नाही, त्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास मंजुरी आवश्यक असल्याचा उल्लेख असतो. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार अशा माणसाला आखातासह १८ देशांत कामासाठी जाताना ती मंजुरी घ्यावी लागते. दलाल तिला अडथळा म्हणतात. वस्तुतः तिच्यामुळेच करार, मालक आणि पगार शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेत नोंदले जातात. तेथे नोंदणीकृत एजंटाचा क्रमांक तपासता येतो. एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येते. जो लाखांत बोलतो, तो बेकायदा बोलतो.

दुसरी गोष्ट विम्याची. मंजुरी घेऊन जाणाऱ्यास प्रवासी भारतीय विमा योजना बंधनकारक आहे. २०१७च्या सुधारणेनंतर अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये असा ठेवण्यात आला. कामगाराने मालक किंवा ठिकाण बदलले तरी हे संरक्षण सुटत नाही. ही तरतूद प्रत्येक घरात माहीत असावयास हवी, कारण नोकरी बदलल्यावर टिकणारी अशी गोष्ट क्वचितच असते. विम्याची पावती घरी ठेवावी.

तिसरी गोष्ट क्रमाची. नोकरी बदलायची झाल्यास आधी बदलीची मंजुरी व मगच नव्या जागी काम, हा क्रम कधीही उलटा करू नये. नव्या मालकाच्या तोंडी आश्वासनावर जुने काम सोडू नये. पगार थकला तर निघून जाण्यापूर्वी तक्रार नोंदवावी. तक्रारीची नोंद हाती असेल तर ‘पळून गेला’ या आरोपाला उत्तर राहते. पासपोर्ट, व्हिसा, करार व वास्तव्याचा परवाना यांच्या प्रती स्वतःजवळ आणि घरीही असाव्यात. पासपोर्ट भारत शासनाच्या मालकीचा असतो, मालकाच्या नव्हे.

चौथी गोष्ट मदतीची. भारतीय वकिलातीकडे अडचणीतील नागरिकांसाठी २००९पासून समाजकल्याण निधी आहे. त्यातून निवारा, कायद्याचे साहाय्य व परतीचे तिकीट मिळू शकते. घरच्यांना ‘मदद’ या शासकीय संकेतस्थळावर तक्रार करता येते, किंवा १८०० ११ ३०९० या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. आखातात आपली ख्रिस्तसभाही आहे. अबुधाबी, दुबई, कुवेत, दोहा येथे चर्च आहेत आणि बहारीनमधील अवाली येथे डिसेंबर २०२१मध्ये अरेबियाच्या मातेच्या कॅथेड्रलचे अभिषेकपूर्वक उद्घाटन झाले. सौदी अरेबियात मात्र चर्च नाही. तेथे जाणाऱ्या श्रद्धावंताला रविवारच्या मिस्सेचा आधार मिळणार नाही, हे त्याने धरून चालावे.

आपला समाज मराठवाड्यात संख्येने थोडा आणि गावोगावी विखुरलेला आहे. कोणाचा मुलगा, कोणाची सून परदेशी निघाली, हे चर्चमध्ये सर्वांना कळते. मिस्सेनंतर आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्याच वेळी धर्मग्रामातील एखाद्या शिक्षकाने, धर्मभगिनीने किंवा शिकलेल्या युवकाने त्यांचा करार शांतपणे वाचून मराठीत समजावून द्यावा. कफील कोण, काम कोणते, पगार किती, पूर्वसूचना किती दिवसांची, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर मिळत नसेल तर कर्ज काढू नये, एवढे सांगण्याचे धैर्य दाखवावे. आणि ज्या घरातील माणूस परवाना गमावून रिकाम्या हाताने परत आला असेल, त्या घरी चेष्टा वा टोमणे न पोहोचता आपण पोहोचावे. कर्जाची वेळ निघून गेलेली नसते आणि त्या कुटुंबाला सोबत लागते.

सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरितांचा व निर्वासितांचा जागतिक दिन पाळते. यंदा त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातून परदेशी गेलेल्या प्रत्येकाचे नाव वेदीजवळ वाचले जावे आणि त्यांच्या घरच्यांजवळ त्यांच्या कागदपत्रांच्या प्रती आहेत की नाहीत, याचीही चौकशी व्हावी, अशी आमची नम्र विनंती आहे. कामकऱ्यांचे आश्रयदाते संत योसेफ त्या सर्वांचे रक्षण करोत.